लंकेला गेलेला करवतकाठ

दामोदर, भांडण अर्धं टाकून उठून जायची तुझी खोड जुनीच. पण या वेळी तू जरा जास्तच लांब गेलास.

विणकर सोसायटीची मंडळी आली होती. म्हणाली, पुंडलिकराव, गल्लीत सातवी फायनल झालेले तुम्हीच, स्मृती-अंकासाठी दामोदरवर थोडं लिहून द्या. जन्म कुठला, मागे परिवार कोण, असं. मी म्हटलं, ते सगळं म्युनिसिपालटीत लिहिलेलं आहे, त्यासाठी मी काहून पाहिजे? मला दामोदरशी बोलायचं आहे. मी त्याच्याशी बोलतो, बाकीच्यांनी ऐकावं. आणि हो, मीठ-मसाला घालणार नाही असं वचन मी त्यांना दिलं नाही. सत्तर वर्षांच्या माणसाकडून असली वचनं घेऊ नयेत. (साठ. बरं, अठ्ठावन्न.)

हातमाग खात्याची जीप आपल्या गल्लीत शिरली तो दिवस आठवतो का? गल्ली एवढी चिंचोळी की दोन्हीकडच्या भिंतींनी पोट आत ओढून तिला वाट दिली. भिंतींचं सोड, गणपतबुवांच्या बकरीनं तर नक्की दिली. पुढं तुझा ताणा, साडीचे उभे धागे, रस्ताभर पसरलेला. खळ लावून झाली होती, कोवळ्या उन्हात तो वाळत होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवून राहिला. तू हातातला खळीचा कुंचा खाली न ठेवता म्हणालास, "साहेब, जीप मागं घ्या. ताणा मागं जात नसते."

आणि साहेबानं जीप मागं घेतली! राजधानीचं शहर तेव्हा आपलं नागपूर, मंत्री-साहेबांना काय तोटा? पण कोणा साहेबाची जीप उलटी जाताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली.

मग साहेब चालत आला, तुझ्या ओट्यावर बसला आणि त्यानं सांगितलं ते ऐकून मी अजून पुरता भानावर आलेलो नाही. म्हणाला, आपल्या पायथ्याशी ते सिलोन बेट, म्हणजे लंका, आहे ना, ते आपल्या मागोमाग स्वतंत्र झालं. एवढासा देश. नकाशावर पाहिलं तर आपल्या देशाच्या टाचेवरून गळालेला घामाचा थेंब. साऱ्या देशांनी मिळून शिक्षणासाठी आणि संस्कृतीसाठी एक मोठी संस्था काढली आहे, कचेरी पॅरिसला. या थेंबानं त्या संस्थेत नाव घातलं, आणि घातल्याबरोबर मागणी केली.

"पैसे मागितले असन," गणपतबुवा म्हणाले. ते आपले पंच, मागणीचा अर्थ त्यांना एवढाच ठाऊक.

"नाही."

"मंग बंदुका?"

"नाही हो बुवा. एका खेड्यात मोठ्या माणसांची शाळा काढायला मदत मागितली. बायामाणसांनी वाचायला शिकावं, विहिरीचं पाणी नितळ ठेवावं, हाताला एखादा हुन्नर यावा. त्यातला एक हुन्नर विणकामाचा. तिथली एक मास्तरीण शिकायला येईल, तिचा खर्च ती जगाची संस्था करेल. मला शिकवणारं घर पाहिजे."

सगळ्या गल्लीनं तुझ्या घराकडे बोट केलं. करवतकाठ तुझ्यासारखा कोणाचा बसत होता? अंगाचा रंग वेगळा, काठाचा वेगळा, आणि दोघांच्या शिवेवर करवतीचे दाते असे की लाकूड कापावं. बोट दाखवणाऱ्यांत गणपतबुवा पहिले. हे पुढं सगळे विसरले, म्हणून इथं लिहून ठेवतो.

त्या दिवशी मी घरी जाऊन शाळेचा नकाशा उघडला. पॅरिसवर अंगठा, सिलोनवर करंगळी. नागपूर मध्ये कुठंच येत नव्हतं. मला इतकी वर्षं वाटत होतं, जग म्हणजे आगबोटी, तोफा आणि वर्तमानपत्रातले टोपीवाले. आता तेच सगळे एका टेबलाभोवती बसले आहेत, दुभाषे घाम पुसून राहिले आहेत, आणि चर्चा काय चालली आहे? तर सिलोनच्या एका खेड्यातल्या बाईनं मागावर आडव्या धाग्याचा धोटा कसा फेकावा! खरंच असं झालं की नाही देव जाणे, पण मी तरी डोळ्यांनी पाहिलं असं गल्लीत सांगितलं. नकाशावरचा अंगठा मी कितीतरी वेळ उचललाच नाही, हे मात्र कोणाला सांगितलं नव्हतं. तुलाही नाही.

ती मास्तरीण, सोमावतीबाई, मद्रासच्या गाडीनं आली. 'लंकेहून बाई येऊन राहिली' ही बातमी इतवारीपासून सीताबर्डीपर्यंत गाडीच्या आधी पोहोचली होती. माझी बायको मला विचारून राहिली, "ताटलीत मावते का तिचं जेवण, का परात काढू?" अर्धी गल्ली स्टेशनवर. उतरली कोण? पांढऱ्या साडीतली, चष्म्याची, तुझ्या लेकीच्या, सुशीच्या खांद्याएवढी बाई, हातात छत्री. लोक आधी तिच्या नाकाकडे पाहून राहिले. नाक शाबूत होतं. साहेबाला आमच्या पाहण्याचा अर्थ इंग्रजीत सांगावा लागला, तशी ती इतकी हसली की छत्री फलाटावर पडली. मग म्हणाली, "आमच्याकडे रावण मोठा विद्वान राजा. तुम्ही गोष्ट समुद्राच्या या बाजूनं सांगता, आम्ही त्या बाजूनं." गणपतबुवांची तोंडातली सुपारी तशीच राहिली. मी मात्र त्याच क्षणी तिला आपल्या जातीत घेतलं. जात म्हणजे गोष्टी सांगणाऱ्यांची.

आणि ते जेवण! तुमच्या घरी वैनीनं सावजी रस्सा केला होता. साधा नाही, जावई रुसला की करतात तो. वाफेनंच छतावरची पाल खाली आली. मी पैज लावून बसलो होतो की पहिल्या घासाला बाई स्टेशनवर परत. बाईनं वाटी तोंडाला लावली, पिऊन खाली ठेवली, आणि साहेबाच्या कानात काहीतरी विचारलं. साहेब चाचरत म्हणाला, "त्या विचारतायत, तिखट पदार्थ नंतर आहे का?"

मग तिनं टोपलीतली हिरवी मिरची घेतली आणि पेरू खावा तशी खाल्ली. त्या दिवशी नागपूरची अब्रू गेली ती अजून परत आलेली नाही. तू रस्सा पुसत म्हणालास, "पुंड्या, हे बाई शिकन. हिच्यात दम आहे."

शिकली. आधी तुझ्या सुशीबरोबर धाग्याच्या कांड्या भरायला बसली. सुशी तेव्हा लग्नाच्या वयाची, उमरेडच्या घराण्यात बोलणं पक्कं होत आलेलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, म्हणून दिवसभर बोलत. मग बाई मागावर बसली. साधं अंग विणलं. सरळ काठ विणला. आणि मग येऊन थांबली तिथं, जिथं सगळे थांबत होते.

परक्या वाचकांसाठी सांगतो, तुला काय सांगायचं. करवतकाठात काठाचा धोटा वेगळा, अंगाचा वेगळा. दोन धागे शिवेवर एकमेकांत अडकतात, तिथं डाव्या अंगठ्याची एक गिरकी असते. तुझ्या घराण्याची गिरकी कोणाकडेच नव्हती. ती बापाकडून मुलाला जायची. बाहेर नाही, भावकीत नाही, आणि लेकीला तर मुळीच नाही, कारण लेक दुसऱ्याच्या घरी जाते आणि अंगठा सोबत नेते. सुशी लहानपणापासून तुझ्या शेजारी बसून पलीकडचा धोटा देत होती. पण गिरकीच्या वेळी तू खांदा असा पुढं करायचास की पोरीला बापाची पाठ तेवढी दिसे.

मी तुला म्हटलं होतं, "तिले सरळ काठावर पाठव परत. समुद्रापलीकडे कोणाले कळते?"

"मले कळते ना," तू म्हणालास. "साऱ्या जगानं माह्या दारात येऊन मागितलं, नि मी अर्धं देऊ काय गा?"

आणि दुसऱ्या दिवशी तू सोमावतीबाईला उजवीकडे बसवलंस आणि खांदा मागं घेतलास. गल्लीत ही बातमी आगीसारखी पसरली असं लोक लिहितात. आग एवढी चपळ नसते.

मारुतीच्या पारावर बैठक बसली. गणपतबुवा मधोमध. म्हणाले, घराण्याचा काठ बाहेर गेला, रीत मोडली, दामोदरला वाळीत टाका. कोणी म्हणालं, रीत दुसऱ्या विणकराच्या घरी काठ न देण्याची आहे, लंकेच्या बाईचा तिच्यात उल्लेखच नाही. कोणी म्हणालं, बिभीषणाकडली म्हणजे पाहुणी, पाहुणीला चालतं. यावर बराच वेळ रामायण झालं. पण हसण्यासारखं काही नव्हतं हे आपल्या दोघांना माहीत होतं. वाळीत टाकलेल्या घरची पोरगी उमरेडवाले कशाला करतील? वैनी पाराच्या मागं भिंतीला टेकून उभी होती. पदर तोंडात धरलेला.

तेव्हा मी उठलो. तुझी बाजू घ्यायला नाही. तुला अडवायला. मला वाटलं, असं काहीतरी बोलावं की तू शरमून माघार घेशील, बाईला सरळ काठावर परत पाठवशील, आणि सगळं मिटेल. बोलायला मी काय कमी? मी म्हटलं, "दामोदर, समुद्रापलीकडच्या बाईले देतं, नि सोताच्या पोटच्या पोरीले खांदा आडवा करतं? हा कोणता न्याय गा?"

माझा वार असा अचूक बसला की मीच मनात टाळी वाजवली. तू खाली मान घातलीस. गणपतबुवा मला डोळ्यांनी शाबासकी देऊन राहिले. मी वाट पाहतो आहे की तू आता म्हणशील, चुकलो.

तू म्हणालास, "पुंड्या, बरोबर बोलला."

आणि उठून गेलास. भांडण अर्धं टाकून.

सकाळी मागावर तुझ्या एका बाजूला सोमावती, दुसऱ्या बाजूला सुशी. पोरीचा अंगठा तू तुझ्या हातात धरलेला. गल्ली दारात गोळा झाली, तू मान वर केली नाहीस. वैनी मला म्हणाली, "भाऊजी, तुमी आग इझवाले गेले का रॉकेल घेऊन?" आपल्या लोकांत टोमणा मारून माणूस जागेवर आणायची चाल आहे. टोमणा मनावर घेऊन जागेवरून पुढंच निघून जाणारा माणूस मी तुझ्याशिवाय पाहिला नाही.

मग उमरेडचे पाहुणे आले. मुलाचा बाप स्वतः. सगळ्यांना वाटलं, मोडायला आले. वैनीनं चहा दिला. त्यांनी चहा घेतला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "पोरीले जरा मागावर बसवा." सुशी बसली. बशीतला चहा गार होईपर्यंत ते तिच्या अंगठ्याकडे पाहत राहिले. ते पण विणकरच ना. मग तुझ्याकडे वळून म्हणाले, "देण्याघेण्याचं बोलू नका. मुहूर्त काढा. उशीर कराल तर दुसरा कोणी घेऊन जाईन हिले."

मी त्या वेळी तुझ्या तोंडाकडे पाहून राहिलो होतो. असं होईल हे तुला ठाऊक नव्हतं. तू खरोखर सगळं गमवायच्या तयारीनं बसला होतास. पोरीचं लग्न, जात, पार, सगळं. हे मला तेव्हा कळलं आणि मला तुझी भीती वाटली. देवळात गाभाऱ्याच्या अंधाराची वाटते, तशी.

काठ उमरेडला जाणारच म्हटल्यावर वाळीत कोणाला टाकणार? पंधरवड्यात गणपतबुवांची सूनच तुझ्या दारात शिकायला उभी. मग हळूहळू सगळी गल्ली. मी सोडून.

हे कोणी कधी बोललं नाही, म्हणून मी बोलतो. मी विणकर, तुझा लहानपणापासूनचा दोस्त, आणि ती गिरकी मला येत नाही. मी कधी मागितली नाही, तू कधी दिली नाहीस. तू एकदा म्हणालास, "तू कधी मागतच नाही," आणि मी विषय बदलून वाघाची गोष्ट सांगितली होती. ती चांगली रंगली होती. त्या थेंबाएवढ्या देशाचं मला एवढं नवल वाटतं ते त्यामुळेच. स्वातंत्र्याचा रंग अजून ओला, आणि उभ्या जगासमोर ताठ उभं राहून म्हणतो, आम्हाला हे येत नाही, शिकवा. मला माझ्या दोस्ताच्या ओट्यावर बसून ते जमलं नाही. केवढा मोठा देश असेल तो!

सोमावतीबाई गेली तेव्हा सुशीच्या गळ्यात पडून रडली, आणि वैनीनं बांधून दिलेलं लोणचं फिकं आहे असंही सांगून गेली.

आणि मग तो फोटो. हातमागवाल्या साहेबानं परदेशी मासिक आणून दाखवलं. नारळांच्या सावलीत मागच माग, त्यांच्यावर खेड्यातल्या बाया, मध्ये आपली चष्मेवाली. त्या जगाच्या संस्थेचे पाहुणे वाकून कापड पाहत आहेत. एक दाढीवाला, एक काळाभोर उंच, एक पिवळ्या केसांची बाई, कुठकुठच्या देशांचे. आणि ते ज्याच्याकडे डोळे फाडून पाहत आहेत तो काठ! करवतीचे दाते! दामोदर, मी त्या मासिकाला हात लावायच्या आधी हात धुतले. जगातले इतके लोक एका वेळी वाकतात ते मी फक्त देवापुढं ऐकलं होतं. तुझा अंगठा समुद्र ओलांडून गेला होता आणि त्याला पासपोर्ट लागला नव्हता.

पण खाली लिहिलं होतं, 'हिंदुस्थानात शिकलेली कला'. बस. नागपूर नाही. तू तर नाहीसच.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हटलं, नाव पाहिजे होतं. तू म्हणालास, "ज्वारीवर कोण्या शेताची लिहिलं असते काय?" मी म्हटलं, ज्वारी पोटात जाते, काठ डोळ्यात राहते. तू म्हणालास, "डोयात राहिला ना? मंग झालं." वर्षानुवर्षं हेच. राजधानी मुंबईला गेली तरी आपलं भांडण नागपुरातच. धंतोलीच्या दवाखान्यात तुला श्वास पुरत नव्हता, तरी खाटेवरून तू मला बोटानं जवळ बोलावलंस आणि विचारलंस, "मंग? काय ठरवलं तू नावाचं?"

मी म्हटलं, "बरा होऊन ये, मंग सांगतो." वाटलं, उत्तर राखून ठेवलं तर तुला यावंच लागेल. माझ्या सगळ्या युक्त्या तुझ्यावर अशाच फसल्या.

तर आता ऐक. तुझ्या मागावर अर्धी साडी होती. आपली रीत तुला ठाऊकच आहे. विणकर गेला की मागावरचं अर्धं वस्त्र कापून काढायचं. तेरावा झाल्यावर गणपतबुवा कात्री घेऊन आले. आता चालताना त्यांना दोघांनी धरावं लागतं. सुशी उमरेडहून आलेली होती. मागापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "बुवा, बाबाचं काम अर्धं काहून कापता? मले बसू द्या."

म्हाताऱ्यानं पोरीकडे पाहिलं, मागाकडे पाहिलं. रीत मोडणाऱ्याला वाळीत टाकायला निघालेला माणूस तो. त्यानं कात्री माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "बस वं माय."

साडी पुरी करून सुशी उमरेडला परत गेली. काल वैनीनं ती साडी अंगणात उलगडली. सगळी गल्ली जमली. गणपतबुवांना आता धड दिसत नाही, त्यांनी मला म्हटलं, "पुंडलिक, दामोदरचा हात कुठं संपला ते दाखव. तिथं हात लावून नमस्कार करतो."

मी वाकलो. पदरापासून सुरुवात केली, दाता दाता पाहत गेलो. एका विणकराचा ठोका दुसऱ्यासारखा नसतो, कुठं तरी वीण सैल होते, कुठं घट्ट. मी चष्मा पुसला, पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. कापड उन्हात धरलं. सावलीत धरलं. तू कुठंच संपत नव्हतास, गा. नाव लिहायचं म्हटलं तरी कुठं लिहिलं असतं?

लोक वाट पाहून राहिले होते. म्हाताऱ्याचा हात हवेत होता.

मी एका जागेवर बोट ठेवलं आणि ठणकावून म्हटलं, "हे पाहा, इथं." गणपतबुवांनी तिथं माथा टेकवला. मागोमाग सगळ्यांनी. माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी थाप होती ती, दामोदर, आणि माझ्या थापा पकडणारा एकटा माणूस, तू, तेवढा तिथं नव्हतास.